नावांची यादी चौकात लावावी का?

यंदाच्या संक्रांतीचं आमच्या गल्लीतलं हळदीकुंकू नेहमीसारखंच झालं. तिळगूळ वाटून झाला, वाण लुटून झालं, नव्या सुनांचे उखाणे झाले. मी चपला शोधत होते, तेवढ्यात महिला मंडळाच्या अध्यक्षा वहिनींनी एक कागद पुढे केला. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही कॉलेजात शिकवता. पहिली सही तुमची पाहिजे."

अर्ज डीसी ऑफिसमार्फत दिल्लीला पाठवायचा होता. मागणी एकच होती. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या प्रत्येकाचं नाव, फोटो आणि पत्ता सरकारने जाहीर करावा. पोलीस ठाण्याबाहेर, ग्रामपंचायतीच्या फलकावर, मोबाइलवर, सगळ्यांना दिसेल असा. आपल्या शेजारी कोण राहायला आलंय हे आपल्याला कळायला नको का, असं शेवटी लिहिलं होतं.

मी सही केली. घरात नववीतली मुलगी आहे. शिकवणीहून यायला तिला दहा मिनिटं उशीर झाला तरी मी गॅलरीत येऊन उभी राहते. माझ्यासारखीने त्या कागदावर सही न करण्याचं काही कारणच नव्हतं.

घरी आल्यावर मात्र मनात काहीतरी खटकत राहिलं. मी राज्यशास्त्र शिकवते. मुलांना वर्गात नेहमी सांगते की, नव्या कायद्याची मागणी करण्याआधी असलेला कायदा वाचा, आणि तसा कायदा दुसरीकडे झाला असेल तर तिथे पुढे काय झालं तेही बघा. मी स्वतः यातलं काहीच न करता सही ठोकून आले होते. मग पुढचे आठ-दहा दिवस वाचत बसले. त्याच दिवसांत कॉलेजातली एक मुलगी मला भेटायला आली. त्या वाचनाने आणि त्या भेटीने माझं मत कसं बदललं, ते आज वाचकांपुढे मांडते.

यादी आहे, पण कुलपात

अर्जावर सह्या करणाऱ्या आम्हा बहुतेक बायकांना एक गोष्ट माहीतच नव्हती. अशी यादी आपल्या देशात आधीपासून आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सुरू केली. बलात्कार, सामूहिक बलात्कार, बालकांवरचे 'पोक्सो' कायद्याखालचे गुन्हे आणि छेडछाड यांत शिक्षा झालेल्यांची माहिती तिच्यात ठेवली जाते. सुरुवातीलाच तिच्यात ४ लाख ४० हजारांहून अधिक नोंदी होत्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती सांभाळतो.

पण ही सूची फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना पाहता येते. तुम्हाला-मला नाही, शाळेच्या मुख्याध्यापकांनाही नाही. आमच्या अर्जाचा अर्थ खरं तर एवढाच होता की, या सूचीचं कुलूप काढा.

ही मागणी काही आमच्या गल्लीत जन्मलेली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतल्या त्या भयंकर घटनेनंतर शिक्षा झालेल्या बलात्काऱ्यांची नावं आणि फोटो संकेतस्थळावर टाकण्याची घोषणा सरकारमधूनच झाली होती. त्यानंतर कुठेही असं काही घडलं की ही मागणी पुन्हा वर येते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आणि बदलापूरच्या घटनांनी सगळा देश ढवळून निघाला, तेव्हाही आमच्या स्टाफरूममध्ये हेच बोलणं चाललं होतं.

दोन मुलं, दोन कायदे

सर्वांना दिसणारी यादी सगळ्यात मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झाली, आणि तिच्यामागे दोन घरांचं दुःख आहे.

मिनेसोटा राज्यातल्या सेंट जोसेफ या लहानशा गावात २२ ऑक्टोबर १९८९ च्या रात्री जेकब वेटरलिंग हा अकरा वर्षांचा मुलगा भाऊ आणि मित्रासोबत सायकलवरून घरी येत होता. तोंड झाकलेल्या एका माणसाने बंदूक दाखवून त्याला उचलून नेलं. त्याची आई पॅटी वेटरलिंग हिच्या लक्षात आलं की, या भागात असे गुन्हे पूर्वी केलेली माणसं कोण आहेत, याची एकत्र नोंद पोलिसांकडेच नाही. तिने पाठपुरावा केला, आणि १९९४ मध्ये जेकबच्या नावाने केंद्रीय कायदा झाला. प्रत्येक राज्याने अशा गुन्हेगारांची नोंदवही ठेवावी, असं त्यात ठरलं. तिचा मुख्य उपयोग पोलिसांना व्हायचा होता.

त्याच वर्षी जुलैत न्यू जर्सी राज्यात मेगन कांका ही सात वर्षांची मुलगी मारली गेली. समोरच्याच घरातल्या माणसाने कुत्र्याचं पिल्लू दाखवतो म्हणून तिला नेलं होतं. त्याला अशाच गुन्ह्यांत पूर्वी दोनदा शिक्षा झाली होती. आईवडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हाला कळलं असतं तर आम्ही लेकीला सावध केलं असतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तीनच महिन्यांत न्यू जर्सीने कायदा केला, आणि १९९६ मध्ये तो सगळ्या देशाला लागू झाला. पोलिसांची नोंदवही आता शेजाऱ्यांसाठी उघडली.

मेगनच्या आईचा प्रश्न वाचताना मला आमच्या वहिनींचा आवाज ऐकू येत होता. त्या प्रश्नाला 'असं कसं म्हणता' असं उत्तर देता येत नाही. म्हणून पुढे जे लिहिते आहे, ते त्या आईचं दुःख बाजूला सारून नव्हे.

उघडलेल्या यादीचं पुढे काय झालं

२००६ मध्ये अमेरिकेने आणखी एक कायदा करून गुन्ह्यांचे तीन दर्जे पाडले. कोणाची नोंद १५ वर्षं राहील, कोणाची २५ वर्षं, तर कोणाची जन्मभर. गंभीर गुन्ह्यात चौदा वर्षांपुढची मुलंही त्यात आली. इंटरनेटवर कोणीही घरबसल्या पत्ते पाहू शकत होतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मेन राज्यात एक घटना घडली. कॅनडातून आलेल्या एका विशीतल्या तरुणाने यादीतून पत्ते काढले आणि दोन माणसांना त्यांच्या दारात गोळ्या घातल्या. त्या दोघांपैकी एकजण चोवीस वर्षांचा होता. त्याचा गुन्हा कोणता, तर एकोणीस वर्षांचा असताना, सोळा पूर्ण व्हायला थोडेच दिवस कमी असलेल्या मैत्रिणीशी ठेवलेला संबंध. यादीत नाव आणि फोटो होता. मारणाऱ्याला बाकी काही जाणून घ्यायची गरज वाटली नाही.

फ्लोरिडातल्या मायामीत अशा माणसांनी शाळेपासून अडीच हजार फुटांच्या आत राहू नये असा नियम झाला. शहरात शाळा नसलेला भाग उरतो किती? २००६ नंतरची तीन-चार वर्षं कितीतरी जण ज्युलिया टटल या पुलाखाली तंबू ठोकून राहिले. ज्याला घर नाही, काम नाही, ज्याच्याशी बोलायला कोणी नाही, असा माणूस शहराला अधिक सुरक्षित करतो की कमी, हे वाचकांनीच ठरवावं.

अभ्यासही झाले. २००८ मध्ये न्यू जर्सीच्याच तुरुंग खात्याच्या संशोधकांनी मेगनच्या कायद्याचा परिणाम तपासला. कायद्यामुळे पुन्हा होणारे लैंगिक गुन्हे किंवा बळींची संख्या कमी झाल्याचं त्यांना दिसलं नाही. २०११ मध्ये मिशिगन आणि कोलंबिया विद्यापीठांतल्या दोन अभ्यासकांनी जास्त बारीक प्रश्न विचारला. पोलिसांकडे नोंद असणं वेगळं आणि ती जगाला दाखवणं वेगळं, या दोन्हींचा परिणाम त्यांनी निरनिराळा मोजला. पोलिसांकडच्या नोंदीमुळे ओळखीच्यांवर, शेजाऱ्यांवर होणारे गुन्हे घटतात, असं त्यांना आढळलं. जगजाहीर यादीच्या भीतीने नवे गुन्हेगार काहीसे बिचकतात, पण यादीत असलेल्यांकडून पुन्हा गुन्हा होण्याचं प्रमाण उलट वाढण्याकडे कल दिसला. सगळंच गमावलेल्याला कायद्याचा धाक उरत नाही.

अशी नोंद कॅलिफोर्नियाने १९४७ पासूनच ठेवली होती. तिथे बहुतेक सगळ्यांची नोंद जन्मभराची. यादी एक लाखाच्या वर गेली. खरा धोकादायक माणूस कोण आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या किरकोळ गुन्ह्याचा म्हातारा कोण, हे त्या गर्दीत पोलिसांनाच कळेना. शेवटी कायदा बदला म्हणणाऱ्यांत सरकारी वकीलही होते. २०१७ मध्ये बदल मंजूर झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. आता गुन्ह्याप्रमाणे दहा वर्षं, वीस वर्षं किंवा जन्मभर असे तीन दर्जे आहेत, आणि मुदत संपल्यावर न्यायालयाकडे नाव काढण्याचा अर्ज करता येतो.

आणि जेकबची आई? २०१६ च्या सप्टेंबरमध्ये, सत्तावीस वर्षांनी, जेकबचे अवशेष सापडले. मारणारा जवळच्याच गावातला होता. पोलिसांनी सुरुवातीला त्याची चौकशीही केली होती. पण लैंगिक गुन्ह्याची शिक्षा त्याच्या नावावर नव्हती. म्हणजे त्या वेळी कितीही मोठी यादी असती, तरी तिच्यात त्याचं नाव आलं नसतं. पॅटी वेटरलिंग यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं आहे की, हे कायदे मूळ हेतूच्या पलीकडे गेले, विशेषतः लहान वयाच्या मुलांना जन्मभर यादीत अडकवणं त्यांना मान्य नाही. ज्या आईने यादी मागितली, तीच आज यादीला मर्यादा घाला म्हणते, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

'मॅडम, यादीत आमचं घर येईल'

मंडळाच्या अर्जाची एक प्रत सह्यांसाठी आमच्या कॉलेजच्या लेडीज रूममध्येही ठेवली होती. एके दिवशी शेवटचा तास संपल्यावर बी.ए.ची एक विद्यार्थिनी माझ्यापाशी आली. तिचं गाव, वर्ग, काहीच सांगत नाही. काही तपशील बदलले आहेत, आणि तिने हो म्हटलं म्हणूनच लिहिते आहे.

"मॅडम, त्या कागदावर पहिली सही तुमची आहे ना?"

मी हो म्हटलं. मला वाटलं, तिलाही सही करायची असेल. ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"यादीत पत्ता पण येणार?"

"येणार. का गं?"

"मग आमचं घर येईल."

तिच्या लहानपणी तिच्यावर अत्याचार करणारा माणूस तिच्याच घरातला होता. तिच्या आईने धीर केला, तक्रार दिली, खटला चालला, त्याला शिक्षा झाली. खटल्यात तिचं नाव कुठे येऊ दिलं नाही. गाव बदललं, शाळा बदलली. आता ती शिकते आहे, वसतिगृहात मैत्रिणी आहेत, पुढे बी.एड. करायचं आहे. तिचं आडनाव आणि त्याचं आडनाव एकच आहे. शिक्षेच्या कागदावरचा पत्ता तिच्या आईच्या घराचा आहे.

"ते लावलं की सगळ्यांना कळेल, मॅडम. त्याच्याबद्दल कळू दे, मला काही नाही. पण तो कोणाला काय केला, हे पण लोक शोधतातच की."

मी काय उत्तर देणार होते? आपल्या कायद्याने पीडितेची ओळख जाहीर करायला बंदी घातली आहे. जुन्या दंडसंहितेत ते कलम २२८-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७२ आहे. पोक्सो कायद्याच्या कलम २३ मध्येही तेच आहे. दाराने बंद केलेलं नाव आम्ही खिडकीतून बाहेर टाकायला निघालो होतो, आणि पहिली सही माझी होती.

ही एका मुलीची गोष्ट नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं होतं, आणि छळणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीतले किंवा ज्यांच्या भरवशावर मूल सोपवावं असे होते. बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत तर नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, असं गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात.

यादी चौकात लावायचं ठरलं तर आधीच गप्प बसणारं घर आणखी गप्प बसेल. आजच नातेवाईक म्हणतात, 'घरातली गोष्ट घरातच राहू दे.' उद्या म्हणतील, 'तक्रार दिलीस तर घराचं नाव फलकावर लागेल.' त्या मुलीच्या आईसारखा धीर मग किती आया करतील?

आणखी एक प्रश्न आहे. पोक्सो कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण बालक. सतरा वर्षांची मुलगी आणि वीस वर्षांचा मुलगा पळून गेले, मुलीच्या बापाने तक्रार दिली की गुन्हा नोंद होतो. बेंगळुरूच्या 'एन्फोल्ड' संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधले सात हजारांहून अधिक निकाल तपासले, तेव्हा जवळजवळ चौथा हिस्सा अशाच प्रेमप्रकरणांचा निघाला. त्यातले बहुतेक सुटतात. पण ज्याला शिक्षा होते, त्याचा फोटो चार वर्षांच्या मुलीवर अत्याचार करणाऱ्या नराधमाच्या फोटोशेजारी लावायचा का? मेन राज्यातल्या त्या चोवीस वर्षांच्या तरुणाची आठवण इथे येते.

हजेरीची आठवण

आपल्या भागाला नोंदवहीचा एक जुना अनुभवही आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे १९११ मध्ये तो सगळ्या हिंदुस्थानासाठी वाढवला. पारधी, कैकाडी, कंजारभाट, भामटा अशा कितीतरी जमातींची नावं, बोटांचे ठसे नोंदवून घेतले. सोलापूरला आणि इकडे हुबळीला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर परवाना घ्यायचा. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यावरही १९५२ च्या ऑगस्टपर्यंत हा कायदा पुरता गेला नव्हता.

दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मला कळतं. तिथे जन्मालाच गुन्हा मानलं होतं, इथे न्यायालयात गुन्हा सिद्ध झालेला असतो. पण वहीत एकदा चढलेलं नाव माणसाला आणि त्याच्या घराला किती काळ चिकटून राहतं, हे त्या लोकांना विचारावं. कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली. तरी माझा एक पारधी विद्यार्थी सांगतो, "गावात चोरी झाली की पोलीस आधी आमच्याच वस्तीवर येतात." शिक्षा झालेल्या माणसाची बायको, त्याची शाळेत जाणारी पोरं त्याच पत्त्यावर राहतात. त्यांची हजेरी कोण आणि किती वर्षं घेणार?

विचारेल त्याला उत्तर

मग यादी नकोच का? तसंही नाही. यादी चांगली, ती कोणाच्या हातात असावी आणि कोणाला किती दिसावी, हा प्रश्न आहे.

इंग्लंडमध्ये १९९७ पासून नोंदवही आहे आणि ती पोलिसांकडे असते. २००० साली सारा पेन या आठ वर्षांच्या मुलीच्या हत्येनंतर तिथल्या एका वृत्तपत्राने गुन्हेगारांचे फोटो छापायला सुरुवात केली. लोक रस्त्यावर आले, पोर्ट्समथमध्ये घरांवर हल्ले झाले, चुकीच्या माणसांची कुटुंबं पळून गेली. वेल्समध्ये एका बालरोगतज्ज्ञ बाईंच्या घराच्या दारावर शिवी रंगवली गेली, कारण इंग्रजीत त्यांच्या पदवीचं आणि त्या गुन्हेगारांचं नाव सारख्याच अक्षरांनी सुरू होतं!

त्यातून शहाणं होऊन त्यांनी मधली वाट काढली. २००८ मध्ये चार ठिकाणी प्रयोग केला आणि २०११ पर्यंत इंग्लंड-वेल्समध्ये सगळीकडे लागू केला. आपल्या मुलाच्या संपर्कात येणाऱ्या ठरावीक माणसाबद्दल शंका असेल, तर आईबापाने, आजीआजोबांनी पोलिसांना विचारायचं. पोलीस तपासतात. धोका असेल तर जो त्या मुलाचं रक्षण करू शकतो, त्यालाच सांगतात. ऐकणाऱ्याने ते गुप्त ठेवायचं. मेगनच्या आईला तिच्या प्रश्नाचं उत्तर यात मिळालं असतं, आणि माझ्या विद्यार्थिनीचं घरही झाकलेलं राहिलं असतं.

जन्मभराच्या नोंदीवर पुन्हा विचार करण्याची सोय असलीच पाहिजे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. दुसऱ्या बाजूने पकड घट्टही होते आहे. नोंद असलेल्याने नाव बदलून निसटू नये, यासाठीच्या तरतुदी २०२५ मध्ये मांडलेल्या विधेयकात आहेत.

पोलिसांच्या हातातल्या यादीचा उपयोग आपल्या शेजारच्या गोव्यालाही आहे. फ्रेडी पीट्स प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. मडगावात अनाथ मुलांचा आधार म्हणून वावरणारा हा माणूस १९९१ मध्ये पकडला गेला, आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे २००३ मध्ये गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेने २०१६ मध्ये असा कायदा केला की, मुलांवरच्या गुन्ह्यासाठी नोंद असलेला माणूस परदेशी निघाला तर त्याने आधी कळवायचं, आणि त्याच्या पासपोर्टवर तसा शेरा मारायचा. किनाऱ्यावर उतरणाऱ्या परक्या माणसाचा पूर्वेतिहास तपासनिसाला कळणं, हे यादीचं योग्य काम आहे.

'ओळखीचाच आहे हो'

आता स्वतःची एक चूक सांगते. मुलीच्या शाळेच्या पालक समितीवर मी तीन वर्षं होते. व्हॅनसाठी नवा ड्रायव्हर ठेवायचा होता. मी विचारलं, पोलीस पडताळणी केली का? उत्तर आलं, "ओळखीचाच आहे हो, आमच्या गावचा." सगळे हसले. मीही हसले आणि पुढचा विषय घेतला. सुदैवाने वाईट काही घडलं नाही. पण त्यात आमची काळजी काही नव्हती, नशीबच होतं.

मार्च २०२० पासून लागू असलेल्या पोक्सो नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. शाळा, पाळणाघर, क्रीडा संस्था, जिथे जिथे मुलांशी नेहमी संबंध येतो, तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, शिक्षक असो वा शिपाई, कायम असो वा कंत्राटी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी झालीच पाहिजे. अत्याचाराची माहिती असून ती पोलिसांना न देणं, हाही पोक्सो कायद्याच्या कलम २१ खाली गुन्हा आहे. फलकाची मागणी करणाऱ्या आपल्यापैकी किती जणींनी आपल्या मुलांच्या शाळेत या पडताळणीचे कागद मागितले आहेत?

आणि घरात? पाहुणे आले की आपण मुलांना पुढे ढकलतो. 'काकांना पापी दे', 'मामांच्या मांडीवर बस'. मूल अंग चोरतं, तर आपण त्याला लाजाळू म्हणतो. मुलाच्या त्या अंग चोरण्याला मान द्यायला शिकलो, तर ती मोठी राखण होईल. मुलाने काही सांगितलं तर पहिलं वाक्य 'तू तिथे गेलीसच का' असं नसावं. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर मुलांना पाठ असावा.

रथसप्तमी

रथसप्तमीला हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. मी अध्यक्षा वहिनींकडे गेले आणि सांगितलं, माझी सही काढा. गोंधळ झाला. एक काकू सरळ म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही त्या मेल्यांची बाजू घेणार?"

त्या मुलीबद्दल मी बोलू शकत नव्हते. एवढंच म्हटलं, "काकू, त्याचा पत्ता छापला की त्याच घरात राहणाऱ्या पोरीचाही पत्ता छापला जातो." थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग वहिनीच म्हणाल्या, "बरं, मग काय लिहायचं ते तुम्ही सांगा."

आम्ही नवा अर्ज लिहिला. यादी पोलिसांकडेच राहावी, पण शाळा आणि संस्थांची पडताळणी तिच्याशी जोडून ठरलेल्या दिवसांत उत्तर मिळावं. ठरावीक माणसाबद्दल पालकाने विचारलं, तर पोलिसांनी तपासून गुप्तपणे सांगण्याची सोय असावी. गुन्ह्याच्या गंभीरतेप्रमाणे नोंदीची मुदत असावी, आणि अठराच्या आतली मुलं तिच्यात नसावीत. आणि पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही कधीही प्रसिद्ध होऊ नये. सत्तावीस जणींनी सह्या केल्या. चौघींनी केल्या नाहीत. त्या काकू त्यातल्याच. त्यांना नात आहे, त्यांची भीती खोटी नाही. मी त्यांना पुन्हा भेटणार आहे.

सोमवारी मी मुलीच्या शाळेत गेले. व्हॅनच्या ड्रायव्हरपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांच्या पडताळणीसाठी लेखी अर्ज दिला. कार्यालयातले गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "कशाला मॅडम? सगळे ओळखीचेच तर आहेत."

"म्हणूनच," मी म्हटलं, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घेतला.